पायरीवरून दिसलं तेवढं

चिंचमळा, कुंडलजवळ
२४ नोव्हेंबर २०२४

ती. लालामामा,
सा. नमस्कार.

फोनच केला असता, पण तोफखान्यातल्या नोकरीनं तुमच्या कानांचं काय करून ठेवलंय ते ठाऊक आहे. मागच्या वेळी मी "आईचे डोळे आलेत" म्हणून ओरडले आणि तुम्ही "कवा आली? स्टँडवर येऊ का?" म्हणालात. त्यामुळं पत्रच बरं. काम महत्त्वाचं आहे.

आमच्या उसाला तोड लागली आहे. ओढ्याकडच्या पडीक तुकड्यात टोळीच्या पाचटाच्या कोप्या पडल्यात. सगळे लमाणी, जत तालुक्यातल्या तांड्यावरचे. त्यांत थावरू आणि बनुबाई हे जोडपं गेली तीन वर्षं आमच्याच मळ्यावर येतं. थावरू चाळिशीचा असेल. दिवाळीआधी त्याला चालता चालता घेरी आली म्हणून मिरजेला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय फुगलंय, ठोके मध्येच चुकतात, कधीही बंद पडेल. ओझं उचलायचं नाही. पण हा उपचार हंगाम संपल्यावर करू म्हणतो आणि रोज डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढतो.

परवा बनुबाई ताक न्यायला आली होती. दारातच उभी राहते, आत ये म्हटलं तरी येत नाही. म्हणाली, "ताई, ह्यो पडला तर म्या काय करू? डागदर म्हनलं, गाडी येस्तवर छाती दाबत ऱ्हायची. कशी दाबायची ते न्हाई सांगितलं." मी म्हटलं, अगं, माझे मामा गावोगाव हेच तर शिकवतात. तेव्हापासून रोज विचारते, "आलं का तुमचं मामा?"

तर कधी येता? तिला शिकवायचंय, एवढंच.

तुमची भाची,
क्रांती

ता. क. तुमचे जावई वीरधवल विचारतात, तुमची ती बाहुली एसटीतनं येते की गाडी पाठवायची?

*

कोरेगाव
२ डिसेंबर २०२४

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, बाहुली म्हणू नये. त्यांना सुभेदार म्हणतात. छातीत स्कूटरची स्प्रिंग, वरून रेक्झिन, मानेला सायकलच्या ट्यूबचा सांधा. सगळं माझ्या हातचं. हवा तेवढा खोल दाब बसला तरच आत 'टक्' वाजतं. मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरांनी दाबून पाहिलं, वाजलं नाही. दुसऱ्यांदा वाजलं. सुभेदार एसटीनंच येतात, खिडकीशेजारी. गेल्या महिन्यात कंडक्टरनं त्यांचं तिकीट मागितलं; मी म्हटलं, पेन्शनर हायेत, सवलत द्या.

मी दहावी नापास माणूस. ही विद्या मला कुणी दिली नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकातनं ओळ ओळ फोडून काढली. म्हणून ती कुठंही, कशीही देत नाही. डोक्यावर छप्पर पाहिजे, खाली टणक फरशी पाहिजे, माणसं चाळीसच्या वर नकोत आणि शेवटी लेखी पेपर. पास झालेल्याला माझ्या सहीचं प्रमाणपत्र. शेताच्या बांधावर उभ्याउभ्या दाखवून जाणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नव्हे.

जागा बघून कळव.

तुझा मामा,
लालासाहेब

*

चिंचमळा
१० डिसेंबर २०२४

ती. मामा,
सा. न.

जागा मिळाली. देवळाचा नवा सभामंडप. दूध संस्थेनं चहा-नाष्टा अंगावर घेतलाय, फ्लेक्स लागलाय, त्यावर तुमचा लष्करी टोपीतला फोटो आहे.

पण एक अडचण आहे. चाळीस नावं एका संध्याकाळीच भरली, सगळी आपल्याच भावकीतली. मी बनुबाईचं नाव दिलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, आधी गावातलं हुद्या. ती काय, चार म्हैन्यांची पाखरं." सासूबाई तर सरळच म्हणाल्या, "फरशी कालपरवा घातलीया. कोयतेवाल्यांच्या अंगाला उसाची काजळी. आन चपला कुणी राखायच्या?" सासूबाई वाईट नाहीत, मामा. बनुबाईला बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच पाठवले होते. पण लाडू कोपीवर पोचते केले होते, तिला घरात बोलावलं नव्हतं.

तुम्ही शब्द टाकलात तर सगळे ऐकतील. माझं नाव काढून तिचं घालते. तिला लिहिता येत नाही, तिचा पेपर तोंडी घ्याल का?

क्रांती

*

कोरेगाव
१६ डिसेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

पेपर तोंडी होणार नाही. एकाला सूट दिली की दुसरा मागतो. रेजिमेंटमध्ये हेच पाहिलं आणि गावातही तेच. लिहिता आलं म्हणजे माणसाच्या डोक्यात नीट बसलं हे मला समजतं. तोंडी सगळेच हो हो म्हणतात.

आणि गावच्या देवळात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे पाहुण्यानं सांगू नये. त्यांच्या मनाविरुद्ध केलं तर पुढं मला कुठला मंडप मिळणार?

पण तुझं म्हणणं मी टाकून देत नाही. कोपीवाल्यांचा वर्ग वेगळा घेईन, दुसऱ्या फेरीत. त्यांच्यासाठी चित्रांचा तक्ता करतो, म्हणजे लिहिणं-वाचणं लागणार नाही. तक्ता व्हायला थोडा वेळ लागेल, अर्धवट काम मी नेणार नाही. बनुबाईला माझा शब्द म्हणून सांग.

रविवारी, २२ तारखेला, सकाळच्या गाडीनं पोचतो. सुभेदारांना उन्हात ठेवायचं नाही.

मामा

*

चिंचमळा
२५ डिसेंबर २०२४

ती. मामा,
सा. न.

तुमच्या वर्गाचीच चर्चा अजून चालली आहे. वीरधवल घामाघूम झाले तरी 'टक्' वाजेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जावईबापू, उसाला पाणी देताय का जीव वाचवताय?" ते आता पारावर रोज कुणीतरी त्यांना ऐकवतं. सासूबाईंनीही दाबून पाहिलं, आणि पहिल्याच खेपेला वाजलं! "ह्यापरीस भाकरीचं पीठ मळाय जास्ती जोर लागतोय," म्हणाल्या. धाकटे दीर पृथ्वीराजभाऊजी पेपरात पहिले आले म्हणून त्यांच्या प्रमाणपत्राला फ्रेम केली आहे. पडलेला माणूस घोरल्यासारखा आवाज करतो त्याला झोप समजू नये, श्वास समजू नये, हे तुम्ही तीनतीनदा सांगितलं होतं, तो प्रश्न त्यांनी अख्खं पान भरून लिहिला.

तुम्ही बघितलंत का? दुपारी फडातनं सुटून बनुबाई आणि चारपाच जणी मंडपाच्या पायऱ्यांपाशी आल्या होत्या. खालच्या पायरीवर उभ्या, हातात कोयते. पुढं आपल्या माणसांच्या पाठीच पाठी. ती टाचा उंचावून बघत होती. तुम्ही जाताना तिला "पुढच्या खेपेला तुमचाच नंबर" म्हणालात, त्यानं ती इतकी खूश झाली!

काल मी तिला म्हटलं, चल, तोवर मी दाखवते तुला अंगणात. दाखवू ना? आता मीही प्रमाणपत्रवाली आहे.

आणि दुसरा वर्ग कधी?

क्रांती

*

कोरेगाव
४ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

दाखवू नकोस. प्रमाणपत्र हे दाबण्याचं आहे, शिकवण्याचं नाही. तुझ्या पेपरात मी दोन चुका काढल्यात, त्या अजून तुला कळवलेल्याही नाहीत. चूक एका हातातनं दुसऱ्या हातात गेली की ती मला पुसता येत नाही. शिकवायचं ते मी शिकवीन.

तक्ता पाऊण झालाय. छातीचं चित्र तीनदा पुसून काढलं, बरगड्या मनासारख्या येत नव्हत्या.

आनंदाची बातमी. २६ जानेवारीला साताऱ्यात झेंडावंदनानंतर माझा सत्कार आहे. दोन शब्द बोलायचे आहेत, त्याची तयारी चालली आहे. म्हणून कोपीवरचा वर्ग २ फेब्रुवारीला, रविवारी. सुभेदारांचं रेक्झिनही तोवर बदलून होईल, गेल्या खेपेला तुझ्या नवऱ्यानं फाडलं.

बनुबाईला तारीख सांग. पक्की.

मामा

*

चिंचमळा
२१ जानेवारी २०२५

ती. मामासाहेबांस,
वीरधवलचा सा. नमस्कार.

क्रांतीला ताप आहे, म्हणून मी लिहितोय. माझी आणि पत्राची गाठ नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

२ तारखेची तसदी घेऊ नये. आमच्या टोळीतला थावरू शनिवारी वारला. ट्रॉली भरताना पडला. आपल्या पोरांनी लय प्रयत्न केला. गाडीही लगेच आली होती, पण देवाच्या मनात नव्हतं. टोळी त्याला घेऊन गावाकडं गेली. राहिलेला फड दुसऱ्या टोळीला दिलाय.

तुम्ही शिकवलेलं वाया गेलं नाही एवढं मनात ठेवा. सत्काराला शुभेच्छा. भाषणात आमच्या मळ्याचं नाव आलं तर पोरांना बरं वाटेल.

आपला,
वीरधवल

*

कोरेगाव
२९ जानेवारी २०२५

चि. क्रांती व जावईबापूंस,
आशीर्वाद.

थावरूचं वाचून वाईट वाटलं. सत्कारात मी आवर्जून सांगितलं की, कुंडलजवळच्या माझ्या विद्यार्थ्यांनी एका परक्या ऊसतोड मजुरासाठी गाडी येईपर्यंत हात थांबवले नाहीत. जीव वाचला नाही, पण माणुसकी वाचली. टाळ्या इतक्या झाल्या की मलासुद्धा ऐकू आल्या. शाल मिळाली. तुमच्या मळ्याचं नाव वर्तमानपत्रात आलंय, कात्रण जोडलं आहे.

आता मला पुढच्या वर्गासाठी तपशील हवेत. पहिला हात कुणी लावला? पृथ्वीराजानं? दमल्यावर माणूस बदलला का? थावरूला होता तिथंच दाबलं की ओढून टणक जागी आणलं? फडात पाचट पसरलेलं असतं. त्यावर दाबलं तर जोर खालच्या पाचटात जिरतो, छातीला पोचत नाही. मला शंका आहे ती तिथंच. पोरांना दोष देत नाही, मीच हे वर्गात सांगायला हवं होतं.

क्रांती, ताप उतरला की तू लिही. जावईबापूंच्या पत्रात कोण, कुठं, कसं, काहीच नाही.

मामा

*

चिंचमळा
७ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

कात्रण पोचलं. आमच्या घरात ते कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

यांनी तुम्हाला खोटं लिहिलं. मला ताप नव्हता. मी लिहायला बसत होते आणि उठत होते.

थावरू मोळी टाकून फळीवरनं खाली आला, ट्रॉलीला टेकून बसला आणि बसल्या जागी कलंडला. पाचटातच. घशातनं घोरल्यासारखा आवाज निघत होता. समोर पाटाच्या पुलावर पृथ्वीराजभाऊजी आणि चौघं जण बसले होते. चौघंही मंडपातलेच, तुमच्या सहीचे. हाक मारली तर 'ओ' येईल एवढंच अंतर. त्यांनी त्याला पडताना पाहिलं. एक जण म्हणाला, "थावऱ्यानं आज दिवसाढवळ्याच टाकलीया वाटतं." दुसरा म्हणाला, "घोरतोय बघ कसा, सायब झोपलं." हसले. मामा, थावरू दारूला शिवत नव्हता, हे मळ्यातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

मुकादम आला. त्यानं फिट समजून चप्पल नाकाला लावली. मग कांदा फोडून आणायला पळाला. तेवढ्यात फडाच्या दुसऱ्या टोकाकडनं बनुबाई धावत आली.

मी घरातनं पोचले तेव्हा ती त्याच्यावर वाकून दाबत होती. हात सरळ, कोपर ताठ, खांदे बरोबर वर. अगदी तुमच्यासारखी. इतक्या जोरानं, की तिच्या बांगड्या फुटून मनगटातनं रक्त येत होतं. पण हात पोटावर होते, मामा. बेंबीच्या वर चार बोटं. पायरीवरनं तिला पुढच्यांच्या डोक्यांवरनं तुमचे खांदे आणि कोपर खालीवर होताना दिसले. तुमचे तळहात कुठं टेकलेत ते दिसलंच नव्हतं. तिनं आपल्या मनानं मऊ जागा धरली.

बायकांनी तिला मागं ओढलं तेव्हा मी बसले. मी छातीवर दाबलं. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं. गाडी आली, पण फार उशीर झाला होता. गाडीला नव्हे, आम्हाला.

भाऊजी आता पुलाकडं जात नाहीत. त्या रात्री जेवताना ताटावर बसून म्हणाले, "वहिनी, सुभेदार घोरत नव्हतं. तेच्या अंगाला घामाचा वास बी नव्हता." एवढंच बोलले. फ्रेम भिंतीवर तशीच आहे. काढली तर का काढली म्हणून कुणीतरी विचारेल, म्हणून यांनी ती ठेवलीय.

टोळी निघाली तेव्हा बनुबाई ट्रॉलीत त्याच्या उशाशी बसली होती. मला जवळ बोलावून विचारलं, "ताई, म्या गुरुजींवानीच दाबलं न्हवं? बरूबर दाबलं?"

मी म्हटलं, हो. अगदी बरोबर दाबलंस.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असतात?

क्रांती

*

कोरेगाव
३ मार्च २०२५

चि. क्रांतीस,

उत्तराला उशीर झाला. चार कागद फाडले. एकात पृथ्वीराजाचं प्रमाणपत्र परत मागवलं होतं. एकात तुझ्यावर रागावलो होतो, माझी मनाई होती तरी तू तिला अंगणात का दाखवलं नाहीस म्हणून. तोही फाडला.

बरोबर म्हणालीस ते बरंच केलंस. नवरा गेला, आता तिला जागा सांगून काय करायचं? मीही 'हो'च म्हणालो असतो.

वर्ग सध्या घेत नाही. लोक विचारतात, मी कानांचं निमित्त सांगतो.

मामा

*

चिंचमळा
२२ एप्रिल २०२५

ती. मामा,
सा. न.

मुकादम काल येऊन गेला. पुढच्या हंगामाचं बोलायला. मी बनुबाईची चौकशी केली, तर तो कौतुकानं सांगायला लागला.

ती तांड्यावर बायकांना शिकवतेय. संध्याकाळी कोंबड्या डालल्या की बायका तिच्या दारात जमतात. आधी तिच्याच तांड्यावरच्या, आता पलीकडच्या तांड्यावरच्याही येतात. वाकळेची वळकटी करून माणूस बनवलाय. म्हणते, "कुनी पडलं की पयलं जवळ जायाचं. प्याला हाय का न्हाई ते मागनं बगू." आणि मग दाबायला शिकवते. पोटावर. कुणी शंका काढली तर म्हणते, "साताऱ्याच्या गुरुजींचं बगितलंय म्या. आन ताईंनी सोता सांगितलं, बरूबर हाय म्हनून."

माझ्या एका 'हो'वर ती हे सगळं उभं करून बसलीय, मामा. त्या तांड्यावर आता कुणी पडलं तर सगळ्याजणी धावतील आणि जिवाच्या आकांतानं पोट दाबतील.

मी दोनदा पिशवी भरली. जतच्या गाडीत बसलेसुद्धा, तासगावात उतरून परत आले. तिच्यासमोर उभं राहून 'मी खोटं बोलले, तू चुकीच्या जागी दाबलंस' हे मला म्हणवत नाही. म्हणजे त्याच दमात तिला सांगायचं की तुझे हात होते, पण...

मला पुढचं वाक्य लिहवत नाही. तुम्ही जा. लवकर जा.

क्रांती

*

कोरेगाव
१४ मे २०२५

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

जाऊन आलो. सुभेदार आणि तक्ता दोन्ही घेऊन. जतच्या पुढं खाजगी जीप, तिथनं उन्हातनं चालत. तांडा म्हणजे माळावर पत्र्याची घरं, एक बोअर, एक लिंब.

बनुबाईनं मला लांबूनच ओळखलं. "माझं गुरुजी आलं!" म्हणून ओरडली आणि घराघरातनं बायका बाहेर आल्या. पाय धुवायला पाणी दिलं. खाट टाकली. सुभेदारांना माझ्या शेजारी बसवलं आणि त्यांनाही चहाची कपबशी ठेवली. बायका हसून हसून वाकल्या. मला बोलायचा धीर व्हावा म्हणून मी चहा हळूहळू प्यालो.

मग म्हणाली, "गुरुजी, आदी आमचं बगा. चुकलं तर कान धरा." वळकटी आणली. सगळ्याजणी गोल करून बसल्या. क्रांती, मी पंचवीस गावं शिकवली असतील, इतका मन लावून बसलेला वर्ग मला कुठं मिळाला नाही. एक बाई पडायचं सोंग करते, दुसरी हाक मारून गाडीला फोन लावायला पळते, तिसरी बसते. कोण दमलं की कोण बदलणार हे ठरलेलं. पाचट बाजूला सारून टणक जमिनीवर ओढायचं, हेसुद्धा. ते मी मंडपात शिकवलं नव्हतं. ते ती त्या दिवशी आपल्या नवऱ्याजवळ बसून शिकली होती.

मग बनुबाईनं हात ठेवले. पोटावर. आणि माझ्याकडं बघितलं.

वाटेत मी ठरवून गेलो होतो, की म्हणायचं, पुस्तक बदललं, नव्या नियमात जागा जरा वर आलीय. तुझा 'हो' पण राहिला असता आणि तिचंही मन राहिलं असतं. वाक्य पाठ केलं होतं. पण तिच्यासमोर ते तोंडातनं निघेना. मी खाली बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि वीतभर वर, छातीच्या मधोमध नेऊन ठेवले. म्हटलं, "इथं."

तिनं तिथं एकदा दाबून बघितलं. मग म्हणाली, "नवीन हाय का ह्ये?"

मी वाट बघितली की आता तरी ते वाक्य येईल. आलं नाही. म्हटलं, "न्हाई. पयल्यापास्नं हितंच असतंय."

तिचे हात वळकटीवर तसेच होते. भोवतीच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. त्यांना अजून कळलं नव्हतं, तिला कळलं होतं. खाली बघतच म्हणाली, "म्या पायरीवर हुते, गुरुजी. तुमचा खांदा दिसत हुता. खालचं काय दिसंना." रागानं नाही, तक्रारीनं नाही. रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं. मग विचारलं, "हितं दाबलं असतं तर ऱ्हायला असता?"

मी म्हटलं, सांगता येत नाही. हे खरं आहे, क्रांती. त्याचं हृदय आधीच गेलेलं होतं, कुणीही खात्री दिली नसती. मी तिला हे समजावून सांगायला लागलो, तक्ता उघडला, बरगड्या दाखवायला लागलो. मधेच ती उठली. वळकटी सोडून तिची वाकळ केली, झटकली, घडी घातली आणि आत गेली. दार लावलं नाही. नुसतीच अंधारात जाऊन बसली.

एक म्हातारी माझ्याकडं बघून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि उठली. मग एकेक करत सगळ्या उठल्या. मी हाका मारल्या. म्हटलं, बसा, मी दाखवतो, कागद नाही, पेपर नाही, अंगठा नाही, फक्त बघा. एकीनं जाता जाता तोंड वळवून सांगितलं, "बनी शिकवील तर शिकू, सायब. तुमी ऱ्हाऊ द्या."

ऊन कलेपर्यंत मी त्या खाटेवर बसलो. शेवटी बनुबाई बाहेर आली, तांब्याभर पाणी ठेवलं. मी हात जोडले. म्हटलं, बाई, ह्या सगळ्या तुझं ऐकतात, तूच शिकव, आता जागा तुला कळलीय. तिनं आपले दोन्ही तळहात उलटे केले, सुलटे केले. म्हणाली, "न्हाई गुरुजी. आता म्या कुनाला हात लावायची न्हाई." आणि मग, पाहुण्याला म्हणावं तसं, "उशीर झाला, जीप जाईल तुमची."

सुभेदारांना मी तिच्या दारात ठेवून येणार होतो. तिनं ते उचलून माझ्या खांद्यावर दिले.

तू विचारलं होतंस, तुझ्या जागी असतो तर काय म्हणालो असतो. 'हो'च म्हणालो असतो, असं लिहिलं होतं. तिथं मात्र मी खरं बोललो, आणि आज त्या माळावर कुणी पडलं तर धावत जाणारं कुणी नाही.

तू आता तिकडं जाऊ नकोस. ती तुला एका शब्दानं काही म्हणणार नाही, चहा ठेवेल, सासूबाईंची तब्येत विचारेल. मला सोसलं नाही ते.

मामा